पार्टटाइम एजंटचं काम करतेय – रेरा नंबर (एजंटची सरकारी नोंदणी) आधी काढू का? आणि मावशींच्या प्लॉटचं काय करू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. लिहू का नको असं बरेच दिवस चाललं होतं, पण आता येत्या गुरुवारच्या आत एका माणसाला उत्तर द्यायचंय म्हणून लिहितेच. मोठं होईल, सांभाळून घ्या.

मी मोशीला राहते. भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या इंजिनीअरिंग कंपनीत अकाउंट्सला आहे, अकरा वर्षं झाली. पगार वेळेवर होतो, तक्रार नाही, पण मुलगा दहावीला, घराचा हप्ता, सासऱ्यांची औषधं, महिनाअखेर ओढाताण होतेच. मागच्या दिवाळीत आत्याचा चिखलीचा टू बीएचके रिकामा पडला होता, तीन महिने भाडेकरू मिळेना, मी आमच्या डिस्पॅचमधल्या एका मुलाला सहज दाखवला आणि आठवड्यात काम झालं. ज्यांनी ॲग्रीमेंट करून दिलं ते इथले जुने एजंट, त्यांना मी सर म्हणते, ते म्हणाले मॅडम तुमच्या ओळखी चांगल्या आहेत आणि तुम्ही खरं बोलता, फावल्या वेळात करा की, जे येईल ते अर्धं अर्धं.

तेव्हापासून सात भाड्याची कामं केली, एक रीसेल केलं. भाड्याचं मला जमतं. एक महिन्याचं भाडं ब्रोकरेज, ११ महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स, थंब घ्यायला माणूस घरी येतो, पोलीस व्हेरिफिकेशन मी स्वतः भरून देते, आणि ॲग्रीमेंट रजिस्टर केल्याशिवाय मी चावी देत नाही म्हणजे नाही. एका नर्सताईंना घर मिळत नव्हतं, नाइट ड्यूटी म्हटलं की मालक नको म्हणायचे, त्यांच्यासाठी मी चौदा फ्लॅट पाहिले आणि पंधराव्याला मालकीणबाईंना समोर बसवून समजावलं. ज्या दिवशी त्यांनी दूध उतू घातलं त्या दिवशी मला बोलावलं होतं. हे काम मला मनापासून आवडतं, हे आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल सोडून द्या.

अडचण पहिली, वेळेची. आमची सुट्टी गुरुवारी आणि गिऱ्हाईक मोकळं रविवारी. रविवारी मी कंपनीत असते, मग साइट व्हिजिटला सरांचा मुलगा जातो आणि तिथूनच माझ्या हातातलं सुटायला लागतं.

तसंच झालं. आमच्या क्यूएमधल्या एका सहकाऱ्याला नवीन प्रोजेक्टमध्ये फ्लॅट घ्यायचा होता, ५८ लाखांचा. दोन महिने मीच त्याच्यामागे, लोनचं गणित, कार्पेट एरिया, पार्किंग सगळं मी. पण पहिल्या व्हिजिटला ओटीपी घेऊन टॅगिंग (गिऱ्हाईक कोणत्या एजंटचं याची बिल्डरकडे नोंद) झालं ते सरांच्या फर्मच्या नावावर, कारण रेरा नंबर त्यांचा. बिल्डरनं दोन टक्के दिले म्हणजे १ लाख १६ हजार. अर्धे ५८ हजार होतात. चार महिन्यांनी माझ्या हातात १५ हजार आले. विचारलं तर म्हणाले ऑफिसचा खर्च असतो मॅडम, शिवाय व्हिजिट आमच्या मुलानं केली. लेखी काहीच नाही. आणि मी सहकाऱ्याला माझ्या ब्रोकरेजमधून दहा हजार परत (पासबॅक) द्यायचा शब्द देऊन बसले होते, तो पाळला, म्हणजे मला पाच राहिले. पैशाचं वाईट वाटलं पण त्याहून जास्त हे वाटलं की माझं नावच कुठे नाही, उद्या त्या फ्लॅटमध्ये काही झालं तर सहकारी मात्र माझ्याच टेबलापाशी येणार.

आता खरा विषय. आमच्या कॅन्टीनच्या मावशी. त्यांचे मिस्टर मागच्या वर्षी रिटायर झाले, ग्रॅच्युइटीचे पैसे आलेत आणि मावशींना आयुष्यात एकदा स्वतःची जागा हवीय. सरांकडे चाकणच्या पुढे प्लॉटिंग आहे, दोन एकर, गुंठ्याला साडेपाच लाख. मी म्हटलं नव्हतं, मावशींनीच माझ्या मोबाइलवर फोटो पाहिले आणि मागे लागल्या. गेल्या गुरुवारी घेऊन गेले. कमान लावलीय, झेंडे, चुन्याच्या रेघा, कोपऱ्यांना सिमेंटचे खांब. मावशींनी चपला काढल्या आणि अनवाणी त्या रेघेवरून चालत पावलं मोजली. एका टोकाला उभ्या राहून म्हणाल्या इथं मोरी, इथं तुळस, आणि दार पूर्वेला होतंय का बघ गं. मी बघितलं, होत होतं. पण मला घशाशी काहीतरी अडकल्यासारखं झालं.

कारण त्याआधी रात्री मी १५ रुपये भरून त्या गटाचा डिजिटल सातबारा काढला होता. जमीन जिरायत. भोगवटादारात दोन भाऊ आणि तीन बहिणी. इतर हक्कात विकास सोसायटीचा बोजा, म्हणजे कर्ज. खाली प्रलंबित फेरफार (मालकीच्या नोंदीतला अजून मंजूर न झालेला बदल) म्हणून नंबर. एनए, म्हणजे बिगरशेती, नाही. सरांना विचारलं तर म्हणतात एनए प्रोसेसमध्ये आहे, बहिणींचं हक्कसोड होणार आहे, आणि खरेदी अकरा जणांची अकरा गुंठे मिळून सामाईक करू, सगळे असंच करतात, आणि आता सरकारनं नियम सैल केलेत. गुरुवारपर्यंत ५१ हजार टोकन. मला या एका प्लॉटमागे ४० हजार मिळणार, यावेळी ते लेखी द्यायलाही तयार आहेत.

तर माझे प्रश्न. स्वतःचा रेरा नंबर काढायला किती खर्च, किती वेळ, नोकरी करून जमतं का? भाड्याच्या कामालाही तो लागतो का? कंपनीत सांगावं लागेल का, माझ्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये दुसरी नोकरी करायची नाही असं एक वाक्य आहे. टॅक्सचं मला थोडं कळतं पण ब्रोकरेज कुठे दाखवायचं ते सांगा. आणि मावशींना काय सांगू? नुसतं नको म्हटलं तर त्या दुसऱ्या कोणाबरोबर जाऊन तोच प्लॉट घेतील, मला त्यांना पटेल असं सांगायचंय.

प्रतिसाद

ताई, मी वाकडला पंधरा वर्षं हेच काम करतो, पूर्णवेळ. आधी रेराचं. केंद्राचा कायदा २०१६ चा, महाराष्ट्राचं प्राधिकरण महारेरा सुरू झालं २०१७ ला. एजंटची व्याख्या ‘कोणीही व्यक्ती’ अशी आहे, पार्टटाइमवाल्याला सूट वगैरे काही नाही. नोंदणी झालेल्या प्रोजेक्टमधला फ्लॅट विकायला मदत केली की नंबर लागतो, आणि नसेल तर दंड दिवसाला १० हजार, वाढत वाढत त्या फ्लॅटच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत. म्हणजे त्या ५८ लाखांच्या व्यवहारात तुम्ही सरांविरुद्ध भांडायला गेलात तर आधी तुम्हालाच विचारतील तुमचा नंबर कुठाय. कडू आहे पण ते ४३ हजार सोडा. निव्वळ भाड्याला नंबर लागत नाही, कायदा विक्रीचा आहे.

काढायला आता २० तासांचं ट्रेनिंग करावं लागतं, मग परीक्षा, पास झालात की सर्टिफिकेट, ते जोडून अर्ज. २०२३ पासून हे सक्तीचं आहे. एका व्यक्तीची नोंदणी फी १० हजार, ट्रेनिंगचे आणि परीक्षेचे वेगळे. नंबर पाच वर्षं चालतो. तुम्ही अकाउंट्सवाल्या आहात, परीक्षेची भीती नको. नंबर आला की बिल्डरकडे स्वतः सीपी (चॅनल पार्टनर, म्हणजे त्यांचा एजंट) म्हणून नाव नोंदवा आणि रविवारची व्हिजिट असली तरी टॅगिंग तुमच्याच नंबरवर होईल एवढं आधी सेल्सवाल्यांकडून मेलवर घ्या. व्हॉट्सॲपवरचं ‘ओके मॅडम’ चालत नाही, मी स्वतः त्यात दोनदा पोळलोय.

अजून एक. नंबर आला म्हणजे तो प्लॉट विकता येईल असं समजू नका. ५०० चौरस मीटरच्या वर प्लॉटिंग असेल तर त्या प्लॉटिंगलाच रेरा नंबर लागतो, दोन एकर म्हणजे आठ हजार चौरस मीटर झाले. नोंदणी नसलेलं प्रोजेक्ट नोंदणी असलेल्या एजंटनंही विकायचं नाही.

प्रतिसाद

मावशींच्या प्लॉटवर लिहितो, कारण माझ्या भावाचे तीन लाख असेच जमिनीत आहेत आणि ते फक्त जमिनीतच आहेत.

अकरा गुंठ्यांची युक्ती कुठून आली ते कळलं की मावशींना सांगणं सोपं जाईल. तुकडेबंदी कायदा १९४७ चा. एका मापाच्या खाली शेतजमिनीचा तुकडा पाडून विकायचा नाही. २०२३ च्या अधिसूचनेनं ते माप बहुतेक जिल्ह्यांत बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे झालं. असं माप गाठायला अकरा गुंठे मिळून घेतात आणि अकरा जण सातबाऱ्यावर चढवतात. पण तुमची जमीन जिरायत आहे म्हणताय, मग अकरा गुंठ्यांनी ते माप गाठलंच जात नाही! आणि चढलं नाव समजा, तरी सामाईक म्हणजे सामाईक, मावशींचा गुंठा कुठला हे कागदावर कुठेच नसतं, चुन्याची रेघ पहिल्या पावसात जाते. पुढे घर बांधायचं तर परवानगी नाही, बँक लोन देणार नाही, आपला गुंठा वेगळा करून विकायचा तर बाकीच्या दहा जणांच्या सह्या. शिवाय मावशी शेतकरी आहेत का? नसतील तर शेतजमिनीचं खरेदीखतच त्यांच्या नावावर होत नाही, मग यांचा पुढचा उपाय असतो नोटरी, आणि नोटरीच्या कागदानं मालकी येत नाही.

सवलती सरकारनं मधे जाहीर केल्यात हे खरं, पण त्या कुठल्या जागेला लागू ते झोनवर (ती जागा आराखड्यात कशासाठी ठेवलीय त्यावर) असतं. सरांना म्हणा या गटाचा झोन दाखला आणि एनएचा आदेश दाखवा, तोंडी नको. आणि त्या तीन बहिणींना एकदा भेटायला मागा. त्या भेटीपर्यंत गोष्ट कधी जात नाही, हा माझा अनुभव.

प्रतिसाद

ताई, नोकरीचं आणि टॅक्सचं पटकन सांगते. तुमचं लेटर नीट वाचा, ‘दुसरी नोकरी’ आहे की ‘दुसरा व्यवसाय’ पण आहे. काहीही असलं तरी एचआरला एक साधं पत्र देऊन लेखी परवानगी घ्या, कामाच्या वेळेत करणार नाही असं त्यात लिहा. तुमचं निम्मं गिऱ्हाईक कंपनीतलंच आहे, म्हणजे हे कधी ना कधी कळणारच. (सरकारी नोकरी असती तर खासगी धंदा परवानगीशिवाय करताच आला नसता, घरातल्या दुसऱ्याच्या नावानं करून त्याचा प्रचार करणंही सेवा नियमात बसत नाही.)

पगार आणि ब्रोकरेज दोन्ही म्हणजे आयटीआर १ चालत नाही, तीन नंबरचा भरावा लागतो. ब्रोकरेजला ते अंदाजे नफा धरायचं सोपं कलम मिळत नाही, खर्च दाखवायचा तर पेट्रोल, मोबाइल सगळ्याची वही ठेवा. सर देतात तेव्हा २ टक्के टीडीएस कापतात का ते २६एएसमध्ये (तुमच्या नावावर कापलेल्या टॅक्सच्या उताऱ्यात) बघा. जीएसटी वर्षाला २० लाखांच्या आत लागत नाही. आणि रोख घेऊ नका, कितीही जवळचं असलं तरी.

(धागाकर्ती)

सगळ्यांचे खूप आभार. काल कॅन्टीन बंद झाल्यावर मावशींना घेऊन बसले. कायदा नाही सांगितला, सातबाऱ्याची प्रिंट समोर ठेवली आणि तीन बहिणींची नावं एकेक वाचून दाखवली. मावशी बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, माझ्या माहेरच्या जमिनीवर माझं पण नाव असंच आहे, मला न विचारता भावानं विकली तर? पुढे मला काही बोलावंच लागलं नाही. टोकन देत नाहीत. त्यांच्यासाठी आता जुन्या बिल्डिंगमधला वन आरके बघतेय, कंप्लीशन झालेला, इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या खरेदीचा उतारा) व्यवस्थित असलेला, बजेटात बसवायला थोडं लांब जावं लागेल, देहूरोड किंवा तळेगावकडे कोणाला ठिकाण माहीत असेल तर सांगा. त्यांच्याकडून ब्रोकरेज घेणार नाही.

सरांना फोन करून प्लॉटचं काम करणार नाही सांगितलं. चिडले, म्हणाले मग भाड्याच्या लीड पण देणार नाही. ठीक आहे. उद्या एचआरला पत्र देतेय. ट्रेनिंगबद्दल एवढं सांगा, नोकरी सांभाळून ज्यांनी केलंय त्यांनी, ते २० तास रात्रीच्या ऑनलाइन बॅचला होतात का, आणि गुरुवारची बॅच कोणी घेतं का?