थिसिससाठी स्मार्टवॉच वापरायचंय, व्हॅलिडेशन कसं करू?

शाहूपुरीकरीण: नमस्कार मंडळी, कोल्हापुरात फिजिओथेरपीचं पीजी करतेय. सीओपीडीचे (फुफ्फुसाचा जुनाट, दम लागणारा आजार) पेशंट घेणार आहे, बहुतेक साठीपुढचे, करवीर-पन्हाळ्याकडचे शेतकरी. घरी ते रोज किती चालतात हे घड्याळानं मोजायचंय. गाईड म्हणतात व्हॅलिडेशन दाखव, म्हणजे घड्याळाचा आकडा खरा असल्याचा पुरावा, कंपनी म्हणते ॲक्युरेट आहे. आता नेमकं काय करू? एथिक्स कमिटीला प्रोटोकॉल द्यायचाय, प्लीज सांगा.

आकडेमोड: ताई, कंपनीच्या शब्दावर अजिबात जाऊ नका. २०२० मध्ये अशी डिजिटल मोजमापं तपासायची व्ही-थ्री नावाची चौकट आली ती आधी वाचा. सेन्सर हालचाल नीट टिपतो का, त्यावरून अल्गोरिदम (घड्याळातली हिशेबाची पद्धत) पावलं बरोबर काढतो का, आणि त्या आकड्याला तुमच्या पेशंटच्या आजारात काही अर्थ आहे का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि एकाचं उत्तर दुसऱ्याला चालत नाही. दुसऱ्या प्रश्नासाठी तुमच्याच पेशंटना कॉरिडॉरमध्ये चालवा, पायांचा व्हिडिओ काढा, दोघांनी वेगवेगळी पावलं मोजा आणि मग घड्याळाशी ताडून बघा. नुसतं कोरिलेशन (दोन्ही आकडे सोबत वरखाली होतात का) देऊ नका, घड्याळ दरवेळी शंभर पावलं कमी दाखवत असलं तरी कोरिलेशन झकास येतं. ब्लँड-ऑल्टमन प्लॉट काढा, म्हणजे दोन मोजमापांतला फरक दाखवणारा आलेख. आणि ॲपचं ऑटो अपडेट बंद ठेवा, मधेच अल्गोरिदम बदलला तर आधीचा आणि नंतरचा डेटा एकत्र धरता येत नाही.

पन्हाळ्याचा_पाव्हणा: मी फील्डवर डेटा गोळा करतो म्हणून सांगतो, हळू चालणाऱ्यांची पावलं मनगटावरच्या घड्याळातनं लई सुटतात, त्यात हातात काठी किंवा वॉकर असला तर हात हलतच नाही. उलट पहाटे म्हशीची धार काढायला बसलेला माणूस जागचा हलत नाही पण मनगट हलतं, ते पावलात धरलं जाऊ शकतं. त्यामुळं कॉरिडॉरवर थांबू नका, धार काढणं, वैरण कापणं, गाडीवर मागं बसून जाणं, हे पण करून बघा की. आणि घड्याळ काढून चार्जिंगला लावलं तर ते शून्य पावलं नव्हे, न घातलेला वेळ वेगळा मोजा.

शाहूपुरीकरीण: धारेचं डोक्यातच आलं नव्हतं, थँक्यू दादा! ऑक्सिजन पण घड्याळानंच घेऊ का?

आकडेमोड: नको. बोटाच्या ऑक्सिमीटरलाही सावळ्या त्वचेवर अडचण येते, २०२० च्या अमेरिकेतल्या अभ्यासात ऑक्सिजन कमी असूनही तो न दिसण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय पेशंटमध्ये गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट निघालं. पावलांवरच थांबा. ड्युशेन या स्नायूंच्या आजारात पायाला यंत्र लावून मोजलेला चालण्याचा वेग युरोपच्या ईएमएनं (औषध नियामक संस्था) २०१९ मध्ये दुय्यम एंडपॉइंट (ट्रायलचा निकाल ठरवणारं माप) म्हणून मानला आणि २०२३ मध्ये मुख्य म्हणून. एकाच मापावर एवढी वर्षं काम लागतं.

दवाखानावाली: तिसऱ्या प्रश्नासाठी सहा मिनिटांची चालण्याची टेस्ट आणि दम किती लागतो त्याचा स्कोअर दोन्ही घ्या, पावलांशी जुळतात का बघा. क्लिनिकल ट्रायल असेल तर पहिला पेशंट घ्यायच्या आधी सीटीआरआय (भारतातली क्लिनिकल ट्रायलची नोंदवही) नोंदणी लागते. आणि संमतीपत्रात डेटा कंपनीच्या सर्व्हरवर जातो हे साध्या मराठीत लिहा, पेशंटला वाचून पण दाखवा.

शाहूपुरीकरीण: घड्याळ घोट्याला बांधलं तर चालेल का?

पन्हाळ्याचा_पाव्हणा: ज्याचा अल्गोरिदम घोट्यासाठी तपासलाय तेच यंत्र घ्या, मनगटाचं घड्याळ तसंच खाली बांधू नका. आणि चिखलात, पाण्यात पाय असतात, पट्टा टिकतो का तेवढं आधी दोघा-तिघांना घालून बघा.