येशूही रडला होता

पत्नी प्रभूकडे गेली असल्याने विश्वासणाऱ्याने रडू नये, असे एका बंधूंनी लिहिले आहे. ते मला मान्य नाही. बायबलमधील योहानकृत शुभवर्तमानाच्या ११व्या अध्यायात, मरण पावलेला आपला मित्र लाजर याला आपण पुन्हा जिवंत उठवणार हे ठाऊक असूनही, येशू त्याच्या कबरेकडे निघताना रडला. जालन्यात माझी पत्नी गेल्यावर पुनरुत्थानाची, म्हणजे मेलेले पुन्हा उठतील ही, आशा मला होतीच, पण प्रार्थनेला शब्द सुचत नव्हते. तेव्हा हाच अध्याय मी रोज रात्री तिच्याच पवित्र शास्त्रातून, तिने पेन्सिलीने केलेल्या खुणांवर बोट ठेवून वाचत असे. ईस्टरच्या पहाटे चर्चच्या मंडळीबरोबर कबरस्थानात गेलो असता, प्रभू इथे असता तर भाऊ मेला नसता, ही लाजराची बहीण मार्था हिची येशूकडची तक्रार मी पत्नीसाठी मोठ्याने उच्चारली, आणि कितीतरी महिन्यांनी मन हलके झाले.