मदत हवी आहे: प्रेशर-बेस्ड सॉल्व्हरमध्ये शॉक मागे राहतोय, ग्रिड बारीक करूनही

नमस्कार मंडळी,

पुण्यात एमटेक करतेय, दुसरं वर्ष. प्रोजेक्टचा सॉल्व्हर, म्हणजे प्रवाहाची समीकरणं सोडवणारा प्रोग्रॅम, स्वतः लिहायला घेतलाय. नारायण पेठेतल्या अभ्यासिकेत बसते, तिथे आजूबाजूला सगळे एमपीएससीवाले, सीएफडीचं (कॉम्प्युटरवर हवा-पाण्याचा प्रवाह सोडवणं) विचारायला कोणी नाही म्हणून इथे लिहितेय. जरा लांबलंय, पण प्लीज शेवटपर्यंत वाचा.

व्हॉल्व्हमधला हवेचा फ्लो सोडवायचाय. आत शिरताना मॅक (हवेचा वेग भागिले आवाजाचा वेग) 0.05 आणि घशाच्या पुढे 1 च्या वर. डेन्सिटी-बेस्ड स्कीम (आधी डेन्सिटी सोडवून त्यावरून प्रेशर काढणारी) कमी मॅकला रडते, कारण तिथे आवाजाचा वेग हवेच्या वेगाच्या 20 पट, म्हणजे टाइमस्टेप बारीक घ्यावा लागतो आणि वर प्रेशरमध्ये कचरा येतो तो वेगळाच. म्हणून सिंपलच्या (SIMPLE) वाटेने गेले, पाटणकर-स्पाल्डिंगची 1972 ची प्रेशर-बेस्ड पद्धत, ज्यात प्रेशर अंदाजाने धरून मग दुरुस्त (करेक्ट) करत जातात. पाटणकर सर आपल्या सीओईपीचेच (पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज), 1962 ला तिथून बीई झालेले, त्यामुळे हे इथे बसून नीट जमावं असं मनापासून वाटतंय.

कॉम्प्रेसिबल (डेन्सिटी बदलणाऱ्या) फ्लोसाठी प्रेशर करेक्शनमध्ये डेन्सिटीचं करेक्शनही घेतलंय. म्हणजे प्रेशर हललं की फेसवरचा (दोन सेलमधल्या सीमेवरचा) वेग हलतो तसा पी-प्राइम (प्रेशरची दुरुस्ती) भागिले आरटी (गॅस कॉन्स्टंट गुणिले तापमान) एवढी डेन्सिटीही हलते, आणि त्यातून लाप्लासियनच्या जोडीला एक कन्व्हेक्शन टर्म येते. फेसवरची डेन्सिटी अपविंड, म्हणजे प्रवाह येतो त्या बाजूच्या सेलमधली (सेंट्रलने, म्हणजे दोन्ही सेलच्या सरासरीने, शॉकपाशी, जिथे प्रेशर एकदम उडी मारतं, नुसत्या लाटा उठल्या), चेकरबोर्डसाठी (सेलआड वरखाली होणारं खोटं प्रेशर) ऱ्ही-चाउ इंटरपोलेशन, दर टाइमस्टेपला 10 आउटर इटरेशन्स (सगळी समीकरणं पुन्हा पुन्हा सोडवणं).

टेस्ट म्हणून सॉडची शॉक ट्यूब घेतली: मध्ये पडदा असलेली 1 लांबीची नळी, पडदा काढला की शॉक धावतो, आणि अचूक उत्तर माहीत असतं. डावीकडे प्रेशर 1, डेन्सिटी 1, उजवीकडे 0.1 आणि 0.125, पडदा मधोमध 0.5 ला. टाइम 0.2 ला शॉक 0.850 वर हवा, माझा 0.843 वर आहे. 100 सेलला हा फरक एका सेलच्याही आत होता, लक्षातच आला नाही, गाईडनाही ग्राफ छान वाटला. 1600 सेलला मात्र अकरा-बारा सेल मागे! शॉक चांगला धारदार झालाय पण जागा तीच, पुढे सरकतच नाही. शॉकमागची डेन्सिटी 0.2656 ऐवजी 0.274 च्या आसपास. टाइमस्टेप निम्मा केला, आउटर इटरेशन्स 30 केले, काही फरक नाही. तीन आठवडे यातच गेलेत. कुठे बघू?

प्रतिसाद:
ग्रिड बारीक केल्यावर उत्तर चुकीच्या जागी जाऊन स्थिर होत असेल तर तो अॅक्युरसीचा प्रश्न नाही, कुठलीतरी राशी जपली जात नाहीये. एनर्जी इक्वेशन कुठल्या रूपात लिहिलंय तुम्ही? टेम्परेचर किंवा इंटर्नल एनर्जीत असेल तर चोर तिथेच आहे. लॅक्स-वेंड्रॉफचं प्रमेय 1960 पासून सांगतंय की स्कीम कन्झर्व्हेटिव्ह रूपात (एका सेलमधून जेवढं गेलं तेवढंच शेजारच्यात पोचतं अशी) असेल तरच ती कन्व्हर्ज झाल्यावर शॉक योग्य जागी येण्याची हमी.

एक सोपी तपासणी करा. ट्यूबमधली एकूण एनर्जी, इंटर्नल अधिक कायनेटिक, दर टाइमस्टेपला बेरीज करून छापा. सुरुवातीला ती 1.375 असणार, आणि लाटा टोकांना पोचेपर्यंत ती हलायलाच नको. किती येते ते इथे टाका.

धागाकर्ती:
हो, इंटर्नल एनर्जीतच लिहिलंय, प्रेशर गुणिले वेगाचा डायव्हर्जन्स असं. आत्ता छापून बघितलं, टाइम 0.2 ला 1.370 च्या आसपास आली आणि सगळा वेळ कमीच होत गेलीये. ही जाते कुठे पण?

प्रतिसाद:
मोमेंटममधली अपविंडिंग शॉकपाशी कायनेटिक एनर्जी खाते. खऱ्या हवेत तिची उष्णता होते, तुमच्या कोडमध्ये ती हवेतच विरली. शॉकमागची हवा हवी तेवढी तापत नाही, म्हणून जास्त दाट राहते, आणि शॉक हळू धावतो. तुमचे दोन्ही आकडे हेच सांगतायत.

उपाय म्हणजे टोटल एनर्जी सोडवा. अख्खं कोड मोडायचं नसेल तर इंटर्नल एनर्जी ठेवून कायनेटिक एनर्जीची टाइम टर्म आणि कन्व्हेक्शन टर्म घाला, आणि प्रेशरचं काम फेसवरच्या फ्लक्सने मोजा. ओपनफोम या मोफत सीएफडी सॉफ्टवेअरच्या ऱ्होपिंपलफोम सॉल्व्हरमधली एनर्जी इक्वेशनची फाइल उघडून बघा, कायनेटिक एनर्जी तिथे अशीच घातलीये. फक्त मास फ्लक्स (फेसमधून जाणारं वस्तुमान) प्रेशर करेक्शननंतरचा, तोच घ्या, नवीन इंटरपोलेट करू नका, नाहीतर बेरीज पुन्हा गळेल. कार्की आणि पाटणकर यांचा 1989 चा सगळ्या मॅकसाठीचा पेपरही वाचाच.

धागाकर्ती (दुसऱ्या दिवशी):
जमलं!! कायनेटिकच्या दोन्ही टर्म्स घातल्या, मास फ्लक्स तोच वापरला, आणि बेरीज 1.375 वर गप्प बसलीये. 1600 सेलला शॉक 0.850 वर, डेन्सिटी 0.2656. अभ्यासिकेत ओरडता येत नाही म्हणून जिन्यात जाऊन घरी फोन केला. मनापासून आभार, तीन आठवड्यांचा गुंता सुटला.

आता कॉन्टॅक्ट डिस्कन्टिन्युइटी (दोन बाजूंच्या हवेमधली सीमा, जिथे डेन्सिटी उडी मारते पण प्रेशर नाही) फार पसरलीये, पंचवीसेक सेलवर. फेसच्या डेन्सिटीला अपविंडऐवजी व्हॅन लीअर लिमिटर (अपविंडपेक्षा धारदार, पण लाटा न उठवणारा) लावला तर प्रेशर करेक्शनच्या मॅट्रिक्समध्येही तोच घ्यायचा, की तिथे अपविंड ठेवून उरलेला भाग उजव्या बाजूला टाकायचा?

प्रतिसाद:
मॅट्रिक्समध्ये अपविंडच ठेवा, डायगोनल मजबूत राहतो. उरलेला भाग मागच्या इटरेशनवरून उजव्या बाजूला. आउटर इटरेशन्स थोडे वाढतील, चालतंय.