रेकोलेताच्या महापौराने औषधाचं दुकान काढलं, ते कायद्यात बसलं कसं?

तापीकाठ, भुसावळ
चिलीतल्या रेकोलेताचे तेव्हाचे महापौर दानिएल हादुए यांनी पालिकेचं मेडिकल काढलं, असं वाचलं. परवानगी कोणाची, माल कुठला? आपल्याकडे थेट निवडून आलेल्या नगराध्यक्षाला हे जमेल का?

पांझरेकर
आधी रेकोलेता म्हणजे काय ते बघा. चिलीची राजधानी सँतियागो, पण अख्ख्या सँतियागोला एक महापौर नाहीच. शहर कोमुनांमध्ये, म्हणजे स्वतंत्र पालिकांमध्ये विभागलंय, रेकोलेता त्यातली एक, मापोचो नदीच्या उत्तरेला. तिथला 'अल्काल्दे', म्हणजे महापौर, 4 वर्षांसाठी थेट निवडून येतो आणि कारभारही तोच बघतो. म्हणजे आपला नगराध्यक्ष अन् मुख्याधिकारी एकाच खुर्चीत! शिवाय 1980 च्या दशकात प्राथमिक दवाखाने पालिकांकडे आले. खरी किल्ली ही.

केळीचा घड, रावेर
बरोबर. हादुए मूळचे आर्किटेक्ट, पॅलेस्टिनी वंशाचे, कम्युनिस्ट पक्षाचे. 2012 ला निवडून आले. चिलीत औषधांचा बहुतेक बाजार मेडिकल दुकानांच्या तीन साखळी कंपन्यांच्या हातात. संगनमताने भाव वाढवल्याचं त्यांचं प्रकरण 2008 मध्ये बाहेर आलं. ऑक्टोबर 2015 मध्ये रेकोलेताचं दुकान उघडलं. रहिवासी पुरावा अन् डॉक्टरची चिठ्ठी दाखवून नोंदणी करायची, औषध जवळपास खरेदीच्या भावात. सरकारी खरेदी संस्था सेनाबास्तकडूनही माल घेता येतो. पुढे शंभराहून जास्त पालिकांनी हाच कित्ता गिरवला.

अडतं कुठे? नफा नाही, म्हणून खेळतं भांडवल नाही. पुरवठादाराचं बिल थकलं की फळी रिकामी, अन् रक्तदाबाची गोळी महिनाभर थांबत नाही भो.

पांझरेकर
आणि पुढची बाजूही लिहा. पालिकांनी मिळून खरेदीसाठी संघटना काढली, हादुए तिचे अध्यक्ष. कोविडकाळातल्या खरेदीवरून तिच्यावर देणी चढली, चौकशी लागली आणि जून 2024 मध्ये हादुए कोठडीत गेले. आरोप त्यांनी नाकारलेत. त्याआधी जुलै 2021 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायच्या आघाडीअंतर्गत निवडणुकीत ते, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या गाब्रिएल बोरिचकडून हरले होते.

केळीचा घड, रावेर
भुसावळचं म्हणाल तर नुसता ठराव करून भागत नाही. फॉर्म 20 अन् 21 चा औषधांच्या किरकोळ विक्रीचा परवाना, नोंदणीकृत फार्मासिस्ट, फ्रिज, आणि बिलावर मुख्याधिकाऱ्याची सही. नगराध्यक्ष थेट निवडलेला असला तरी ती सही त्याची नसते. त्यापेक्षा पालिकेच्या दवाखान्यातल्या गाळ्यात जनऔषधी केंद्र बसवणं सोपं. फक्त जागेचा करार करताना भाडं आणि दुकान उघडं ठेवायच्या वेळा आधीच लिहून घ्या.