सीएच५० शून्य, सी३-सी४ नॉर्मल: पुढे काय?

प्रश्न: १७ वर्षांचा मुलगा, मेनिंगोकोकल मेंदूज्वर दुसऱ्यांदा. आता बरा आहे. कॉम्प्लिमेंट म्हणजे रक्तातली जंतूंशी लढणारी प्रथिनांची साखळी; ती नेहमीच्या वाटेने पूर्ण चालते का ते पाहणारी सीएच५० चाचणी शून्य, त्यातली सी३-सी४ प्रथिनं नॉर्मल. कॉम्प्लिमेंटची जन्मजात कमतरता धरायची का?

उत्तर १: आधी नमुना कसा गेला ते विचारा. ईडीटीए हे रक्त गोठू न देणारं रसायन असलेली ट्यूब चालत नाही. ते कॅल्शियम-मॅग्नेशियम बांधून ठेवतं, साखळी सुरूच होत नाही. साध्या ट्यूबमधलं सीरम लगेच वेगळं करून उणे ७० अंशांवर गोठवा. टेबलावर पडून राहिलं की सीएच५० खोटं कमी येतं.

उत्तर २: नव्या नमुन्यावर एएच५०ही (साखळीच्या दुसऱ्या, पर्यायी वाटेची चाचणी) करा. दोन्ही शून्य आल्यास संशय साखळीच्या शेवटच्या सी५ ते सी८ प्रथिनांवर. जिवाणूच्या पटलाला भोक पाडणारा संच मग बनतच नाही, आणि नायसेरियाविरुद्ध (मेनिंगोकोकस याच गटातला जिवाणू) खरी मदार त्यावरच! एएच५० नॉर्मल असेल तर सी१ किंवा सी२ बघा.

उत्तर ३: रिपोर्टसाठी लस लांबवू नका. एसीडब्ल्यूवाय (मेनिंगोकोकसच्या ए, सी, डब्ल्यू, वाय प्रकारांवरची लस) द्याच, बी प्रकारावरची मिळाली तर तीही. लस झाली तरी ताप आल्यास तातडीने दवाखाना, हे घरच्यांना बजावून सांगा. भावंडांचंही सीएच५० करा.