‘पर्यंत’साठी ‘बाय’ की ‘टिल’?

प्रश्न:
कार्यालयातील पत्रव्यवहार इंग्रजीत करावा लागत असल्यामुळे एक अडचण मला वारंवार येते. ‘शुक्रवारपर्यंत अहवाल पाठवतो’ हे मी ‘आय विल सेंड द रिपोर्ट टिल फ्रायडे’ असे लिहिले, तेव्हा वरिष्ठांनी ‘टिल’ खोडून ‘बाय’ केले. मात्र ‘शुक्रवारपर्यंत रजेवर आहे’ या वाक्यातले ‘टिल’ त्यांनी तसेच ठेवले. मराठीत दोन्हीकडे ‘पर्यंत’च आहे, मग भेद ओळखायचा कसा?

प्रतिसाद १:
भेद क्रियेच्या स्वरूपात आहे. रजेवर असणे, थांबणे, वाट पाहणे या क्रिया त्या वेळेपर्यंत अखंड चालू राहतात, म्हणून तेथे ‘टिल’ किंवा ‘अनटिल’ येते. अहवाल पाठवणे ही एकदाच घडून संपणारी क्रिया आहे आणि ती मुदतीच्या अलीकडे केव्हाही घडली तरी चालते, म्हणून ‘बाय’. मी स्वतः ‘पर्यंत’च्या जागी ‘च्या आत’ घालून पाहतो: ‘शुक्रवारच्या आत पाठवतो’ हे जुळते, ‘शुक्रवारच्या आत रजेवर आहे’ हे जुळत नाही.

प्रतिसाद २:
कसोटी उपयुक्त आहे, पण तिच्यात एक खोच आहे. ‘शुक्रवारच्या आत’ म्हटल्यावर काही जण गुरुवार हाच शेवटचा दिवस धरतात. ‘बाय फ्रायडे’मध्ये मात्र सामान्यतः शुक्रवारही येतो.

खरा घोटाळा नकारार्थी वाक्यात होतो, कारण ‘काम शुक्रवारपर्यंत होणार नाही’ या एकाच मराठी वाक्याची इंग्रजीत दोन वाक्ये होतात. ‘इट वोन्ट बी रेडी बाय फ्रायडे’ म्हणजे शुक्रवार आला तरी काम अपुरेच असेल, आणि पुढे ते केव्हा होईल याविषयी काहीच सांगितलेले नाही. ‘इट वोन्ट बी रेडी टिल फ्रायडे’ असे लिहिलेत, तर शुक्रवारी काम मिळेल, त्याआधी मागू नये, असा अर्थ होतो, आणि ग्राहक शुक्रवारी सकाळीच दारात उभा राहतो.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. मग ‘स्टेशनपर्यंत चालत गेलो’ यासाठी ‘टिल द स्टेशन’ चालेल का?

प्रतिसाद १:
आपल्याकडे ते सर्रास ऐकू येते, पण प्रमाण इंग्रजीत ‘टिल’ काळापुरतेच वापरतात. स्थळासाठी ‘ॲज फार ॲज द स्टेशन’ किंवा साधे ‘टू द स्टेशन’ लिहावे. जाता जाता, ‘टिल’ हे ‘अनटिल’चे संक्षिप्त रूप नव्हे, तो त्याहून जुना शब्द आहे, त्याच्या शेवटी दोन ‘एल’ येतात, ‘अनटिल’च्या शेवटी एकच.