घरामागची दगडी भिंत स्वतः बांधायची आहे, सुरुवात कुठून करू? (ग्वाल्हेर)

मुरारकर

नमस्कार मंडळी. मुरारला घरामागे २५ फूट लांब आणि ३ फूट उंच भिंत हवी आहे. गवंडी न लावता सुट्टीच्या दिवशी थोडी थोडी स्वतः बांधायची आहे. दगड इथलाच, पिवळट वालुकाश्म. ट्रॉलीवाला अनघड खंडा टाकून देतो म्हणतो. विटांचं काम जमतं, दगडाचं अजिबात नाही.

माल किती मागवू? घडीव दगड घ्यावा की अनघड चालेल? आधी काय शिकायचं, छिन्नी चालवणं की दगड रचणं? भिंतीमागची जमीन दीड फूट उंच आहे, तिथे वाफा करायचा आहे.

ओळंबा

रचणं आधी. छिन्नी नंतर, आणि तीही लागेल तेवढीच. तीन फुटी भिंतीला अनघड दगड उत्तम. घडीव दगडाला सांधे बारीक लागतात आणि नवख्या हाताला तेच जमत नाहीत.

तुमचं शेवटचं वाक्य मात्र सगळ्यात महत्त्वाचं आहे. मागे दीड फूट माती म्हणजे ही नुसती कुंपणाची भिंत राहिली नाही, माती अडवणारी भिंत झाली. तळाला १८ इंच जाडी ठेवा, माथ्याला १५. समोरची बाजू वर जाताना तीन इंच आत घ्या, मागची सरळ उभी ठेवा. पाया २ फूट रुंद, २ फूट खोल. भुसभुशीत भराव लागला तर कठीण जमीन लागेपर्यंत खाली जा. तळाशी ५ इंच १:४:८ काँक्रीट (एक भाग सिमेंट, चार वाळू, आठ खडी), त्यावर दगडी काम.

माल असा. जमिनीखालचं आणि वरचं मिळून साधारण १८० घनफूट काम होतं. अनघड दगडात पोकळी आणि तूटफूट धरून सव्वापट मागवावं लागतं, म्हणजे २२५ घनफूट, सव्वादोन ब्रास. ट्रॉली रिकामी असतानाच टेप लावून माप घ्या. ढीग पाहून अंदाज करू नका. मसाला, म्हणजे सिमेंट-वाळूचं कालवण, कामाच्या एक तृतीयांश, ६० घनफूट. त्याला वाळू ६५ घनफूट आणि १:६ प्रमाणाने सिमेंट साडेआठ-नऊ गोण्या, पायातल्या काँक्रीटला आणखी दोन. नवख्याचे सांधे जाड होतात, म्हणून एकूण १२ गोण्या धरा. पण एकदम आणून ठेवू नका, ओल धरून गोळे होतात.

आता रचना. दगडी भिंत फुटते ती आतून. बाहेरून दोन्ही तोंडं सुरेख दिसतात आणि मधे नुसता मसाला, चुरा, विटांचे तुकडे कोंबलेले असतात. दोन-तीन पावसाळ्यांत पोट फुगतं. यावर उपाय एकच: दगडाची लांबी भिंतीच्या आत जाऊ द्या. सुंदर लांबट दगड दर्शनी बाजूला आडवा लावायचा मोह होतो, तो टाळा. पोटातही दगडच बसवायचा, मसाल्यात हातोडीने ठोकून. उरलेल्या फटीत चिपा, म्हणजे दगडाच्या लहान कपच्या. चिपा एकूण कामाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त होत असतील तर दगडाची निवड चुकते आहे. मोठा दगड डुगडुगतो म्हणून समोरून चीप सारून टेकू देऊ नका; तो उचला, फिरवा, दुसरी बाजू खाली घालून पाहा.

दोन्ही तोंडं बांधून ठेवतात ते आरपार दगड, भिंतीच्या पूर्ण जाडीचे. दर अर्ध्या चौरस मीटरला एक धरा. तुमच्या भिंतीला १४-१५ लागतील. खंडा उतरला की तेच आधी निवडून बाजूला ठेवा, नाहीतर हाताशी आला म्हणून कुठेतरी वापरला जातो. १८ इंची मिळाला नाही तर दोन दगड एकमेकांवर किमान ६ इंच चढवून चालतं. असा दगड ३० किलोच्या वर जातो, उचलायला दुसरा माणूस हवाच.

उभा सांधा सलग दोन थरांपेक्षा वर जाऊ देऊ नका. दोन्ही टोकांचे दगड आधी ओळंब्यात बसवा (ओळंबा म्हणजे दोरीला टांगलेलं वजन, दुकानात साहुल म्हणून मागा), मग दोरी. समोरच्या बाजूला उतार असल्यामुळे नुसता ओळंबा पुरत नाही. फळीची एक कड ३ फुटांत ३ इंच तिरकी कापून घ्या आणि तिच्या सरळ कडेवर ओळंबा धरा. दिवसाला दोन फुटांपेक्षा जास्त उंची चढवू नका. ओल्या मसाल्यावर वजन आलं की खालचे दगड सरकतात.

चुनखडी

वालुकाश्माचं एक पथ्य वर आलं नाही. हा दगड थराथराने बनलेला असतो. खाणीत जसा आडवा होता तसाच भिंतीत आडवा बसला पाहिजे. थर उभे करून तोंडाकडे ठेवले तर पाणी थरांत शिरतं आणि पापुद्रे सुटतात. किल्ल्यावर उरवाई दरवाजाकडून जाताना ज्या कड्यात जैन मूर्ती कोरल्या आहेत, तिथे थर कसे दिसतात ते पाहून घ्या, म्हणजे सुट्या दगडातही ओळखता येतात. शंका आली तर दगडावर पाणी ओता. सुकताना फिकट-गडद रेघा दिसतात. शिवाय हातोडी मारून ऐका. खणखणीत वाजला तर घ्या, बद्द वाजला तर आत चीर आहे, तो पोटातही नको.

दगड लावण्याआधी भिजवा. कोरडा वालुकाश्म मसाल्यातलं पाणी ओढून घेतो आणि सिमेंट धरायच्या आतच भुकटी होते.

मिस्त्री मसाला १:४ सांगतील, दर्जा (बाहेरून दिसणारे सांधे) भरायला तर १:३. दगडापेक्षा मसाला कडक झाला की भिंतीतली ओल सांध्यातून बाहेर पडू शकत नाही, दगडातून पडते. तिच्याबरोबर क्षार येतात, पृष्ठभागाखाली साचतात आणि दगडाचं तोंड झडतं. सांधे शाबूत आणि दगड खोल गेलेला, अशा भिंती जुन्या वस्त्यांत डागडुजीनंतरच्या हमखास दिसतात. माझं मत १:१:६: एक घमेलं सिमेंट, एक चुना, सहा वाळू. चुना पिशवीतला विरलेला घ्या आणि आदल्या दिवशी पाण्यात कालवून ठेवा. कळीचा (न विरलेला) चुना घरी विरवू नका, उकळून उडतो आणि डोळा जाऊ शकतो. पिशवीतल्या चुन्यालाही हातमोजे हवेतच.

मुरारकर

खूपच उपयोगी, दोघांचेही आभार. दोन शंका आहेत. अडलेला दगड थोडा फोडायचा तर कसा? आणि एप्रिल-मेमध्ये काम चालेल का?

राजवाडा_इंदूर

फोडण्याबद्दल सांगतो. आमच्या माळव्यातला काळा दगड हवा तसा फुटत नाही, तुमचा वालुकाश्म त्यामानाने समजूतदार आहे. थराच्या दिशेने तर पाचरी मारूनच सुटतो. थराला आडवा तोडायचा असेल तर दगड वाळूच्या पोत्यावर ठेवा, कठीण जमिनीवर नको, घाव परत उसळतो. खडूने चारी बाजूंनी रेघ काढा. छिन्नी रेघेवर उभी धरून हलके घाव घालत पूर्ण फेरी मारा, मग पुन्हा, थोडे जोराने. दोन-तीन फेऱ्यांनंतर आवाज जड होतो, तेव्हा एक मोठा घाव. घाई करून एकाच जागी मारलं की कोपरा उडतो. उंचवटा काढतानाही कडेकडून मधे या. मधून बाहेर गेलात की कड ढासळते. दीड किलोचा हातोडा पुरतो. छिन्नीच्या डोक्याला घाव खाऊन झालर आली तर ती घासून टाका, तिचे तुकडे गोळीसारखे उडतात.

ग्राइंडर कोरडा चालवू नका, हे मी आग्रहाने सांगतो. वालुकाश्म म्हणजे जवळजवळ सगळा क्वार्ट्झ. त्याच्या बारीक धुळीने सिलिकोसिस होतो आणि त्यावर खात्रीचा इलाज नाही. तोंडाला रुमाल बांधून ती धूळ थांबत नाही. एन ९५ मास्क, चष्मा, दगड ओला आणि जागा उघड्यावर. झाडतानाही आधी पाणी शिंपडा.

ओळंबा

एप्रिल-मे टाळा. ग्वाल्हेरच्या उन्हात मसाला तासाभरात मरतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी-मार्च बरे. काम कधीही करा, पण ओली गोणपाटं टाकून निदान ७ दिवस पाणी मारा. चुना घातलात तर १० दिवस.

पहिला थर मसाल्याशिवाय, कोरडा रचून पाहा. पाच-सहा फूट लांबी रचा, वर उभे राहा, काही हलतं का बघा, मोडा, पुन्हा रचा. दगड हातात घेतल्यावर त्याची जागा दिसायला लागली की मसाला कालवा. थर झाला की पोटात तांब्याभर पाणी ओता. झटक्यात नाहीसं झालं तर पोकळी आहे, वरचे दगड काढून भरा.

आणि वाफ्याच्या पाण्याला वाट ठेवा. समोरच्या जमिनीपासून अर्ध्या फुटावर, दर ५ फुटांनी ३ इंची पाइप, तोंडाकडे किंचित उतार देऊन. पाइपमागे फूटभर जाडीची खडी आणि तिच्यावर जाळीचं कापड, म्हणजे माती येऊन पाइप बुजत नाही. माथ्यावर २ इंची फर्शी दोन्हीकडे दीड इंच बाहेर काढून लावा. बाहेर आलेल्या भागाच्या खालच्या अंगाला काठाशी समांतर खाच कापा, थेंब तिथेच तुटून पडतो आणि भिंतीवरून ओघळत नाही. वाफ्याची माती मात्र भिंत बांधून तीन आठवडे झाल्यावरच भरा, आणि एकदम न ओतता सहा-सहा इंचांचे थर चोपून.